‘सगळ्यात मजबूत लाइन द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय विकायचं?



मागच्या व्हिडिओत मी टेबलावर कपडे वाळत घालायचा चिमटा, थोडं तंगूस आणि एक किलोचं वजन घेऊन बसलो होतो. बऱ्याच जणांना वाटलं, आज सरांचं काहीतरी बिनसलंय. व्हिडिओत सगळं मावलं नाही, म्हणून इथे नीट लिहितो. विषय आहे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाऱ्या पाण्यात सॅमन पकडताना लाइन कुठली घ्यायची हा. रत्नागिरीत जाळी, दोर, गळ विकणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध एवढाच की या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी स्वतः दिलेलं आहे.

माझा मामेभाऊ व्हँकुव्हरजवळ राहतो. तिघा मित्रांनी मिळून एक जुनी बोट घेतली आणि त्याने मला फोन केला. “तुझं दुकान आहे ना, सांग, लाइन कुठली भरू?” मी क्षणात सांगून मोकळा. “दादा, ६५ पौंडाचं ब्रेड घे. तुटायचा प्रश्नच नाही. आणि ड्रॅग आवळून ठेव.” बीबीएला मार्केटिंगच्या पेपरात ‘आधी ग्राहकाची गरज ओळखा’ हे मी किती वेळा लिहिलं असेल. पण गिऱ्हाईक समोर आलं की पाठ असलेलं उत्तरच आधी तोंडात येतं.

दोन रविवार ते जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत फिरले. लाइन एकदाही तुटली नाही आणि मासा एकही बोटीत आला नाही. तिसऱ्या वेळी चांगला चिनूक लागला, रॉड झटक्यात वाकला आणि गळ रिकामा वर आला. दादाचा फोन आला, “लाइन मजबूत आहे रे तुझी. मासा गेला फक्त.”

त्यानंतर मी अभ्यासाला बसलो. उशिराच.

ट्रोलिंग म्हणजे बोट हळू चालवत आमिष मागून ओढत नेणं. चिनूक जातीचा सॅमन बऱ्याचदा शंभर-दीडशे फूट खाली असतो. चालत्या बोटीतून आमिष तेवढं खाली न्यायचं तर भरपूर वजन लागतं. ते लाइनलाच बांधलं तर रॉड, लाइन आणि तुमचा हात दिवसभर त्या शिशाशीच भांडणार. डाउनरिगर हे काम वेगळं काढतो. बोटीच्या कडेला एक छोटी क्रेन आहे असं समजा. तिच्या तारेला १० ते १५ पौंडांचा शिशाचा गोळा, आणि गोळ्याजवळ एक क्लिप. म्हणजे आपला चिमटाच. रॉडची लाइन त्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. मासा लागला की झटका बसतो, लाइन चिमट्यातून सुटते, आणि मग एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला तुम्ही. मध्ये शिसं नाही.

आता सांगा, वजन पेलायचं काम लाइनकडे उरलंच कुठे? मग ६५ पौंड कशाला?

तिकडे डाउनरिगरवर रॉडच्या मुख्य लाइनसाठी साधारण २० ते ३० पौंडांचं मोनो, म्हणजे आपलं तंगूसच, वर्षानुवर्षं चालत आलंय. २५ पौंड म्हणजे ११ किलोच्या थोडं वर. कारण स्वस्तपणा हे नाही. पहिलं कारण असं की तंगूस ताणतं. माशाने एकदम डोकं झटकलं, बोट लाटेवर उचलली गेली, तर तो धक्का लाइन पिऊन टाकते. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे सगळा धक्का गळावर आणि माशाच्या तोंडावर. त्यात ब्रिटिश कोलंबियात समुद्रातल्या सॅमनसाठी गळाला काटा ठेवायची परवानगी नाही, गुळगुळीत गळच वापरावा लागतो. लाइन क्षणभर सैल पडली की असा गळ निसटतो, आणि झटका जास्त बसला तर तोंड फाटून निघतो. आमच्या दादाचं बहुतेक दुसरं झालं, कारण ड्रॅग मी आवळून ठेवायला सांगितला होता.

दुसरं कारण तो चिमटा. तंगूस जाड, पकडीत बसतं. ब्रेड बारीक आणि गुळगुळीत, रबराच्या पकडीतून सरकत राहतं. सरकू नये म्हणून यांनी क्लिप घट्ट केली, तर मासा लागूनही सुटेना. एकदा तर वीतभर लांबीचा मासा कोण जाणे किती वेळ मागे फरफटत होता, वर आणल्यावर कळलं. व्हिडिओत मी चिमट्यात आधी तंगूस आणि मग ब्रेड धरून खाली किलोचं वजन लोंबकळवलं ते हेच दाखवायला.

पण ब्रेड वाईट आहे असं लिहून घेऊ नका. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाच्या मानाने ते जवळपास निम्म्या जाडीचं असतं. पाण्याचा ओढा त्याला कमी लागतो, खोलवर गेल्यावर लाइनला मागे पोट कमी सुटतं, रिळावर जास्त मावतं, आणि लहान मासा लागला तरी रॉडच्या टोकावर कळतं. फार खोल जाणारे अनुभवी लोक ब्रेड भरतात आणि चिमट्याच्या भागासाठी पुढे पुरेसं लांब तंगूस जोडतात. मात्र ती गाठ रॉडच्या कड्यांतून अलगद गेली पाहिजे. नवशिक्याला हे पहिल्या दिवशी विकणं म्हणजे सायकल शिकणाऱ्याला गिअरची सायकल देण्यासारखं. मी विकणार नाही.

‘एवढ्या मोठ्या माशाला एवढी बारीक लाइन?’ ही शंका येणारच. ब्रिटिश कोलंबियात कॅम्पबेल रिव्हरला टायी क्लब नावाचा क्लब १९२४ पासून आहे. त्याचं सदस्यत्व मिळवायला ३० पौंड किंवा त्याहून मोठा चिनूक पकडावा लागतो, तोही वल्ह्याच्या होडीतून, आणि लाइन जास्तीत जास्त २० पौंडांची. तिथे डाउनरिगरही नाही. लाइनपेक्षा जड मासा येऊ शकतो, कारण मासा लाइनने उचलायचा नसतो, दमवायचा असतो. ते काम रिळाच्या ड्रॅगचं. साधारणपणे ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. २५ पौंडांच्या लाइनला तीन किलोच्या आसपास.

मुख्य लाइनच्या पुढे लीडर येतो, आणि गंमत तिथे आहे. तिकडे आमिषाच्या पुढे ‘फ्लॅशर’ नावाची चकाकणारी, गोल फिरणारी पट्टी लावतात. त्यामागे प्लास्टिकचं माकुल असेल, ज्याला तिकडे हूची म्हणतात, तर त्याला स्वतःची हालचाल नसते. फ्लॅशरचा झटका त्याच्यापर्यंत पोचवायचा असतो. म्हणून लीडर आखूड, साधारण तीन-साडेतीन फूट, आणि कडक, ४० पौंडांचा वगैरे. चमचा किंवा खरी मासळी लावली तर ती स्वतः हलते. तिथे लीडर लांब, पाच-सहा फूट, आणि थोडा बारीक चालतो. म्हणजे ४० पौंड घेतले ते ताकदीसाठी नव्हे, कडकपणासाठी. लेबलवर मात्र ताकदच छापलेली असते.

आणि ज्या जागी खरंच मजबूत हवं, ती जागा माझ्या लक्षातच आली नव्हती. डाउनरिगरची स्वतःची तार. गोळा १५ पौंडांचा, पण तारेच्या जागी ब्रेड घालतात ते २०० पौंडांचं वगैरे, कारण गोळा तळाच्या खडकात अडकतो आणि लाटेवर बोट वर गेली की हिसका बसतो. स्टीलची तारही चालते, पण तिला पीळ पडला किंवा एखादा धागा तुटून वर आला की बोटात घुसतो. एका बोटीवर तीन लाइनी आणि तिघींची कामं वेगळी.

आता दुकानाकडे येऊ. ‘सगळ्यात मजबूत लाइन द्या’ हे वाक्य माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतं. रावसाला मासळीवाले इंडियन सॅमन म्हणतात, म्हणून सॅमनचे व्हिडिओ बघून कुणी तिकडची यादी घेऊनही येतं. रावस सॅमनच्या कुळातलाच नाही, आणि आपल्याकडे खडकावरून गरवणाऱ्याला डाउनरिगर काय कामाचा? हल्ली मी डबा काढायच्या आधी विचारतो: कुठून टाकणार, रिळावर किती मावतं, टोकाला काय बांधणार? खडकावर घासणार असेल तर उत्तर बदलतं, खाडीत जिताड्याला जाणार असेल तर पुन्हा बदलतं. यात तीन मिनिटं जातात आणि कित्येकदा बिल कमी होतं. तो माणूस परत येतो, हे मी वहीत बघितलंय.

तंगूस हा परत परत लागणारा माल आहे. उन्हाने ते कमजोर होतं, वापरून चरे पडतात, नियमित जाणारा दर हंगामाला बदलतो. म्हणून मोठा बंडल घेऊन रीळ भरून द्यायची सोय ठेवा. समजा ३००० यार्डांचा बंडल आहे आणि गिऱ्हाईक ३०० यार्ड भरून घेतो, तर दहा रिळं. सुटे डबे विकण्यापेक्षा यात नफा बरा सुटतो, आणि भरताना गप्पा होतात त्यात पुढची विक्री होते. फक्त माझ्यासारखं करू नका. माझी शोकेस पश्चिमेला आहे. पहिल्या वर्षी तंगुसाचे बंडल तिथेच मांडले आणि पावसाळ्याआधी हाताने तटातट तुटायला लागले. आता शोकेसमध्ये रिकामे खोके असतात, माल आत अंधारात.

दादाने ब्रेड काढलं, २५ पौंडांचं तंगूस भरलं, क्लिप सैल केली. ड्रॅग मोजायला काटा कुठून आणू म्हणाला. मी म्हटलं, भारतात येताना बॅग मोजायला वापरतोस तो. लाइन त्याच्या हुकाला बांधली, रॉड धरून ओढलं, आकडा तीन किलोवर आला तेव्हा रीळ फिरायला लागलं. त्याचा फोटो त्याने पाठवलाय, माशाचा अजून नाही. या महिन्यात जाणार आहेत.