कादंबरीतील घर आणि गाव : एका वाचकाचा मागोवा

१९६३ साली ‘कोसला’ प्रसिद्ध झाली तेव्हा भालचंद्र नेमाडे अवघे पंचवीस वर्षांचे होते, आणि यावल तालुक्यातील ज्या सांगवीत त्यांचा जन्म झाला ते गाव आमच्या जळगावापासून इतके जवळ आहे की, त्या कादंबरीविषयी निःपक्षपातीपणे बोलणे खानदेशी माणसाला कठीणच जावे. तरीही महसूल खात्यातील चाकरी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या तालुक्यांतून पुरी केल्यावर, २०२० च्या टाळेबंदीपासून आजतागायत जे काही वाचन माझ्या हातून घडले, त्याचा मागोवा घेताना आरंभ तिच्यापासूनच करणे मला इष्ट वाटते. मी साहित्याचा अभ्यासक नव्हे. वल्लभदास वालजी वाचनालयातून पुस्तक आणावे, दुपारच्या निवांत वेळी वाचावे आणि आवडले तर शेजाऱ्याच्या हाती द्यावे, एवढाच माझा व्यासंग.

‘कोसला’ची ख्याती बव्हंशी पांडुरंग सांगवीकराच्या पुण्यातील वसतिगृहावर, तेथील टवाळीवर आणि त्याच्या अलिप्त, तिरकस बोलण्यावर उभी आहे. विशीतल्या वाचकाला तो भाग आपलासा वाटावा, हे स्वाभाविकच होय. परंतु उतारवयात वाचताना माझे चित्त खिळून राहिले ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी. देवीच्या रोगाने एखाद्या घरातील मूल जाणे ही त्या काळी गावोगावची गोष्ट होती. त्या सर्वसामान्य दुःखापुढे नायकाची सारी टवाळी एकाएकी गळून पडते, आणि शिकलेला भाऊ शोकाने वेडापिसा होऊन जे बडबडतो त्यात लेखकाने कोठेही अलंकाराचा आश्रय घेतलेला नाही. माझ्या मते मराठी गद्यात शोकाची इतकी निखळ पाने फार थोडी आहेत. वसतिगृहाची काही पाने मात्र आज लांबलेली वाटतात, हेही सांगितले पाहिजे.

त्याच लेखकाची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० साली आली. सहाशेच्या आसपास पृष्ठांचा हा ग्रंथ पुरा करावयास मला एक अख्खा पावसाळा लागला. वडिलांच्या अखेरच्या आजारामुळे उत्खननाचे काम सोडून घराकडे निघालेला खंडेराव आणि त्याच्या स्मरणातून उलगडत जाणारे गाव, जाती, पंथ व पीकपाणी यांचा विस्तार अफाट आहे. त्या विस्तारात काही ठिकाणी कादंबरी थांबते आणि व्याख्यान सुरू होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण शेतकरी कुटुंबातील बायकांची, विशेषतः माहेर आणि सासर या दोहोंच्या मधे अडकून पडलेल्या आत्या-मावशांची, जी चित्रे येथे आहेत त्यांना तोड नाही. तापीकाठच्या घरांत अशा स्त्रिया आम्ही पाहिल्या, त्यांच्या हातचे कळण्याचे पुडे आणि भरीत खाल्ले. त्यांच्या आयुष्याची कैफियत मात्र कोणी नोंदवून ठेवली नव्हती.

‘मृत्युंजय’ पुन्हा वाचली ती घरातील तरुण मंडळींच्या आग्रहावरून. १९६७ पासून या कादंबरीवर मराठी माणसाने केलेले प्रेम मला ठाऊक आहे आणि त्याचा मला आदर आहे. तथापि कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा मुखांतून कथा सांगण्याची योजना करूनही सहाही जण एकाच भरजरी वाणीने बोलतात, हा दोष मला या वेळी पावलोपावली जाणवला. राणी आणि सूतपुत्र यांच्या बोलण्यात फरक नसेल, तर त्यांच्या दुःखातला फरक वाचकाने ओळखावा कसा?

याउलट सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. बुलढाणा जिल्हा आम्हाला लागूनच, माती तीच आणि विवंचनाही तीच. शिकूनही नोकरीवाचून शेतात राहिलेला एकनाथ आणि नोकरदार नवऱ्याची आस धरून आलेली त्याची पत्नी अलका यांच्यातील बोलाचाली वाचताना मला अनेकदा पुस्तक मिटून ठेवावे लागले. पात्रांच्या तोंडून लेखकाचे विवेचन ऐकू येते अशा जागा येथेही आहेत. पण पेरणीच्या तोंडावर पैसा कोठून उभा करावा यावरून घरात उठणारी धुसफूस इतकी खरी आहे की, तो दोष सहज क्षम्य ठरावा.

आता ज्या कादंबरीने माझा जुना व्यवसाय माझ्यासमोर उभा केला तिच्याविषयी. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरले, त्याच्या थोडेच आधी कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला होता. धरणामुळे उठलेल्या गावातला देवाप्पा, मागे राहून रानटी बनलेल्या म्हशीला आणावयास पुन्हा त्या मुलखात जातो, एवढाच तिचा विषय. भूसंपादनाच्या आमच्या कामात कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना निघे, संयुक्त मोजणी होई, पंचनाम्यात आंबा, महू, निंब अशी झाडांची मोजदाद होई, विहीर आणि घर यांचे मूल्यांकन होऊन अखेर निवाडा जाहीर होई. त्या साऱ्या कागदांत जनावराच्या ओढीला रकाना नव्हता. उकाईच्या आणि पुढे सरदार सरोवराच्या पाण्याने आमच्या मुलखातील, आता नंदुरबार जिल्ह्यात असलेली, आदिवासी गावे उठली. त्यांच्या दप्तरांत काय लिहिले गेले नाही, ते खोतांच्या या लहानशा पुस्तकाने दूर कोल्हापुराकडील बोलीत लिहून ठेवले आहे. विश्वास पाटलांच्या १९९१ मधील ‘झाडाझडती’त विस्थापितांच्या प्रश्नाचा आवाका मोठा, कारभाराची माहिती बारकाईची आणि संताप न्याय्य आहे, तरी मनात घर केले ते ‘रिंगाण’नेच, कारण तिथे एकच माणूस आणि एकच जनावर आहे, आणि लेखक त्यांच्यापासून क्षणभरही दूर जात नाही.

धुळ्याकडच्या कादंबऱ्यांत नजूबाई गावित यांची आत्मकथनपर ‘तृष्णा’ मी अग्रक्रमाने सांगेन. जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी घर, त्यातले कष्ट आणि भूक यांचे वर्णन बाहेरून आलेल्या माणसाने केले असते, तर त्यात दया शिरली असती. येथे घरातलीच बाई बोलते, म्हणून दयेला जागाच उरत नाही. मांडणी सैल आहे, प्रसंग एकामागून एक येतात, पण त्या सैलपणाला मी उणेपण मानीत नाही.

एवढे वाचून झाल्यावर एक उणीव मनात राहतेच. केळीच्या बागा, कपाशी, तापीचे पाणी यांवर आमच्याकडे थोडेफार लिहिले गेले. परंतु प्रतापशेठ यांनी अमळनेर आणि धुळे येथे उभारलेल्या कापडगिरण्या, त्यांचे भोंगे, पाळ्या, त्यांवर पोसलेले मोहल्ले आणि गिरण्या थांबल्यावर त्या घरांचे झालेले हाल यांवरची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. त्या पाळ्या केलेले कामगार अजून काही घरांत हयात आहेत आणि विचारले तर भरभरून बोलतात. त्यांच्या मुलानातवंडांपैकी ज्याच्या हाती लेखणी असेल त्याने, अहिराणीत लिहावे वाटले तर अहिराणीत, पण ते बोलणारे आहेत तोवर हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी त्यास कळकळीची विनंती आहे.