हा र एका जागी का बसत नाही?

त्याचे असे झाले. आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातले आणि वर म्हणाले, "तुम्ही मराठीच्या. मुलांना वाचायला शिकवणं म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ!"

गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजाच्या कामी द्यावेत अशी अपेक्षा असते. त्यातले काही तास आम्ही पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेला द्यायचे ठरवले. दर शनिवारी, शाळा सुटल्यावर एक तास. एका मुलाजवळ एक मोठे माणूस. एक मूल जास्त निघाले, म्हणून मीही बसले. माझ्या वाट्याला चौथीतला एक मुलगा आला.

"बाई, तुम्ही कितवीला शिकवता?" त्याने आधी माझीच परीक्षा घेतली.

"एम. ए. ला. म्हणजे सतरावी म्हण."

"सतरावीतपण वाचायला येत नाही?"

मी हसले. त्याने बालभारती उघडली आणि धडा घडाघडा म्हणून दाखवला. मी खूश! पण त्याचे बोट एका ओळीवर आणि तोंड भलत्याच ओळीवर. मग मी त्याच धड्यातले चार शब्द उलटसुलट करून पाटीवर लिहिले. पोरगा गप्प. खिडकीबाहेर पाहू लागला. चित्र पाहून अख्खा धडा त्याने पाठ केला होता. न येणे झाकण्यासाठी केवढी ही मेहनत! अशा मुलाला 'ढ' म्हणायचे?

हे एकट्या त्याचे नव्हे. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' या अहवालानुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीतील मुले २०२२ साली शेकडा ४२.८ होती, २०२४ साली ती ४८.८ झाली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले मागेच. आमची शाळा शहरातली, पण बाकांवरचे चित्र फारसे निराळे नव्हते.

मी जोमाने कामाला लागले. पेपर तपासण्याची सवय! तो चुकला की मी टोकायची. अडखळला की शब्द पुरवायची. तिसऱ्या शनिवारी तो आलाच नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने चाचरत सांगितले, "मॅडम, तो म्हणतो, त्या बाई मला वाचूच देत नाहीत."

हे मात्र झोंबले. वीस वर्षे मी शिकवते आहे, पण मुकाट्याने ऐकायला कधी शिकलेच नव्हते. पुढच्या शनिवारी त्याच्या वर्गाच्या दाराशी जाऊन मी म्हटले, "चल, आज तू वाच. मी तोंड उघडणार नाही." तो आला, पण माझ्यावर विश्वास ठेवून नव्हे, माझी गंमत पाहायला!

आधी अक्षरे, मग शब्द, मग चार ओळी, मग गोष्ट, अशा पायऱ्यांनी आम्ही चढू लागलो. तेव्हा कुठे मला माझीच लिपी नव्याने दिसली. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. 'चार'मधला च वेगळा, 'चारा'मधला वेगळा. लिहिण्यात मात्र फरक नाही. आणि र? 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये पायाशी लोळतो, 'पुऱ्या'मध्ये आडवा होतो. एकदा वैतागून त्याने विचारले, "बाई, हा र एका जागी का बसत नाही?" व्याकरणाचे सगळे नियम मला पाठ, पण उत्तर सुचेना. म्हटले, "तुझ्यासारखाच आहे रे, चुळबुळ्या!" त्या दिवसापासून पानापानावर र शोधणे हा आमचा खेळ झाला.

असे सहा महिने गेले. एका शनिवारी मी बसथांब्यावर उभी होते. तो शेजारी येऊन उभा राहिला. बस आली. त्याने पाटीकडे मान वर केली. "स... सवारगेट."

शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला. बस थांबली, माणसे चढू लागली. त्याने पुन्हा पाहिले, कपाळाला आठी घातली आणि ओरडला, "स्वारगेट! बाई, स्वारगेट!"

ती बस माझी होती. मी ती सोडली.

आता कित्येक कचेऱ्याही आपल्या माणसांना अशा कामासाठी सवड देतात. तुमच्या कचेरीत तशी यादी फिरली, तर नाव जरूर घाला. एम. ए. लागत नाही. तोच वार, तीच वेळ, तेच माणूस, एवढे सांभाळले तरी पुष्कळ. आणि मूल अडखळले, तर मनातल्या मनात दहा आकडे मोजा. मला अजूनही मोजावे लागतात.