ढगाळ रात्रीची वही

दोस्तांनो, तुटता तारा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण मुद्दाम रात्रभर जागून, गच्चीवर सतरंजी टाकून तुटते तारे मोजायला कधी बसला आहात का? आणि बसल्यावर नेमके ढग आले तर?

आमचं अगदी तस्संच झालं! तारीख होती १३ डिसेंबर २०२०. मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची मुख्य रात्र. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या, म्हणजे चंद्राच्या उजेडाचा त्रास नाही. मी, सातवीतली पुतणी आणि तिचा धाकटा भाऊ असे तिघं कानटोप्या घालून गच्चीवर गेलो. पुतणीच्या हातात वही, टॉर्चला पतंगाचा लाल कागद गुंडाळलेला. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

दहा वाजले आणि आभाळ भरून आलं. मृग नक्षत्र गेलं, पुनर्वसूचे दोन तारे गेले. सगळीकडे राखाडी गोधडी.

आता गंमत पाहा. उल्का चमकते ती जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर. ढग मात्र फार तर १५-१६ किलोमीटरपर्यंत. म्हणजे वर आतषबाजी चालूच असते, फक्त आपल्यासमोर पडदा! ही आतषबाजी कसली? बहुतेक उल्का म्हणजे वाळूच्या कणाएवढे खडे. धूमकेतू सूर्याजवळून जाताना असा कचरा मागे टाकत जातो आणि पृथ्वी दरवर्षी ठरल्या तारखांना त्यातून जाते. मिथुनेतल्या उल्कांचा जनक मात्र धूमकेतू नाही, तर १९८३ साली सापडलेला 'फेथॉन' नावाचा लघुग्रह आहे. त्याचे कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने हवेत घुसतात. एवढ्या वेगाने पुण्याहून मुंबईला पोचायला पाच सेकंदही लागणार नाहीत!

अकरा वाजले. पुतणीने वहीत लिहिलं, 'दहा ते अकरा. ढग - पूर्ण आकाश. उल्का - शून्य.'

धाकटा म्हणाला, "ताई, लिही ना दहा-बारा. कोण बघायला येतंय?"

"मी पाहिल्याच नाहीत, तर लिहू कशा?"

"मग शून्य तरी कशाला लिहायचं?"

प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, "अरे, नुसतं शून्य लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, त्या तासात उल्का पडल्याच नाहीत. पण शेजारी 'ढग' लिहिलं की तेच शून्य खरं बोलायला लागतं." १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे जगभरचे हौशी निरीक्षक नोंदी पाठवतात. त्यात ढगांनी किती आकाश झाकलं होतं, हेसुद्धा लिहावं लागतं. खोट्या दहा उल्कांपेक्षा खरं शून्य बरं!

बारा वाजले, पुन्हा शून्य. धाकटा झोपला. मध्येच उत्तरेकडचा एक पातळ ढग आतून लख्खकन उजळला. मी ओरडलो, "लिही, एक!" पुतणीने लिहिलं, 'ढगात चमक. उल्का दिसली नाही.' मला कान पकडावेसे वाटले!

दोन वाजता माझाच धीर सुटला. "चल, खाली जाऊ," म्हटलं. ती म्हणाली, "काका, अजून अर्धा तास." आणि खरंच, वारा सुटला. निम्मं आकाश मोकळं झालं. मिथुन रास डोक्यावर आली होती. एक पांढरी रेघ... दुसरी... तिसरी! अर्ध्या तासात चौदा. धाकट्याला हलवून जागं केलं, त्यालाही पाच मिळाल्या.

मग पुतणीने गणित मांडलं. निम्मं आकाश झाकलेलं असताना चौदा, तर सगळं मोकळं असतं तर सुमारे अठ्ठावीस. ढग जितके जास्त, तितकं हे गणित कमी भरवशाचं. पण चार तासांच्या शून्यांपुढे ते चौदा काय शोभून दिसत होते!

ढगांपुढे माणूस अगदीच लाचार आहे असं मात्र समजू नका हं. उल्का गेल्यावर मागे राहिलेल्या विद्युतभारित हवेवरून रेडिओलहरी परत फिरतात, आणि त्यांना ढग आडवे येत नाहीत. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक इथल्या शास्त्रज्ञांनी १९४७ साली रडार लावून चक्क भर दिवसा होणारे उल्कावर्षाव शोधले!

आपल्याकडे १२-१३ ऑगस्टचा ययातीतला उल्कावर्षाव बहुधा पावसाळी ढग गिळून टाकतात. म्हणून आपली खरी संधी १३-१४ डिसेंबरची. दिनदर्शिकेत तिथी पाहून ठेवा, अमावास्या जवळ असेल तर उत्तम. रात्री दहानंतर घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन अंधाऱ्या गच्चीवर उताणे पडा. दुर्बीण नको, मोबाइल तर नकोच. फक्त घड्याळ, वही, पेन्सिल आणि भरपूर धीर!

आणि ढग आले तर? वही मिटू नका. वेळ लिहा, ढग लिहा आणि बेधडक शून्य लिहा. पुढची ओळ कुठली असेल, कुणी सांगावं?