जेम्स बर्जेस आणि लेण्यांतले दाते

मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून गेले की एक लेणे लागते. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणीचा लेख आहे: अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. उंबरमाळीहून कसारा घाट ओलांडून नाशिकला गेले, तर त्रिरश्मी डोंगरावरची यादी निराळी आहे. तिथे राजांची दाने आहेतच. पण मुगुदास नावाच्या एका माणसानेही परिवारासह लेणे दिले आहे. त्याच्या नावाशी जोडलेला 'दासक' हा शब्द मच्छीमार असा वाचला गेला आहे. कार्ल्याला सामी नावाच्या सुताराने चैत्याचे प्रवेशद्वार केल्याची नोंद आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम व काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणी येतात.

ही नावे एकत्र छापून अभ्यासकांपुढे ठेवण्यात मोठा वाटा जेम्स बर्जेस या स्कॉटिश माणसाचा. जन्म 1832, डम्फ्रीसशायर परगण्यातला. 1855 साली शिक्षक म्हणून तो कलकत्त्याला आला, 1861 साली मुंबईला. विषय मूळचा गणित, आणि ते त्याने शेवटपर्यंत सोडले नाही. 1871 साली घारापुरीवर पुस्तक लिहिले, 1872 साली 'इंडियन अँटिक्वेरी' हे मासिक काढले. पुढे पश्चिम भारताचे पुरातत्त्व सर्वेक्षण त्याच्याकडे आले आणि 1886 ते 1889 या काळात तो साऱ्या खात्याचा प्रमुख होता. 1916 साली एडिंबरोत वारला.

त्याचा ज्येष्ठ सहकारी जेम्स फर्ग्युसन हाही स्कॉटिश. दोघांनी मिळून 1880 साली भारतातील लेण्यांवर ग्रंथ लिहिला. पण याच फर्ग्युसनने 1884 साली राजेंद्रलाल मित्रांवर हल्ला चढवणारे पुस्तक लिहून देशी माणसाच्या विद्वत्तेची लायकी काढली. बर्जेसने 1881 साली पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख प्रसिद्ध केले, तेव्हा त्यावर जुनागढच्या पंडित भगवानलाल इंद्रजींचेही नाव होते. राज्यकर्त्याचा नोकर असूनही त्याने ते छापले, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

आपल्या दृष्टीने त्याची वेरूळची नोंद अधिक बोलकी आहे. दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांच्या गटाला लोक 'ढेडवाडा' म्हणत आणि पाचव्या लेण्याला 'महारवाडा'. बर्जेसने ही नावे टिपली आणि पुढे गेला. ती का पडली हा त्याचा प्रश्न नव्हता. एवढ्यावरून महार हेच पूर्वीचे बौद्ध होते असे सिद्ध होत नाही, आणि घाईने तसे म्हणू नये. बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचा संबंध बौद्धांविषयीच्या तिरस्काराशी जोडला, तो इतर पुराव्यांवर. मात्र ज्या समाजाने नाशिकचे विहार पांडवांच्या नावावर चढवले, त्याने वेरूळचे विहार गावकुसाबाहेर ढकलून ठेवले, एवढे तर ही नावे सांगतातच.

बर्जेसचे ग्रंथ इंग्रजीत, जाडजूड आणि महाग. ते निघाले तेव्हा आपल्या वस्त्यांत शाळाच नव्हती. आज मुरबाड-शहापूरच्या कॉलेजांतली मुले सहलीला नाशिकला जातात, मूर्तींसमोर फोटो काढतात आणि मुगुदासाच्या त्या ओळीखालून निघून जातात. शिक्षकांनी निदान ब्राह्मी अक्षरांचा एक तक्ता सोबत न्यावा. अक्षरे थोडी आहेत, आठवड्याभरात ओळखू येऊ लागतात.