बावीस तासांपलीकडची हाक

५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेतून निघालेले ‘व्हॉयेजर १’ हे मानवनिर्मित वस्तूंपैकी पृथ्वीपासून सर्वांत दूर गेलेले यान. १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून त्याने पृथ्वीचे छायाचित्र टिपले. आपल्या साऱ्या बाजारपेठा आणि राज्ये त्यात एका फिकट निळ्या ठिपक्यात सामावली होती. पुढे वीज वाचवण्यासाठी कॅमेरे बंद झाले. इतर उपकरणांच्या नोंदी मात्र येत राहिल्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या नोंदींचा अर्थच लागेनासा झाला. यान तेव्हा २४ अब्ज किलोमीटर दूर होते. प्रकाशवेगाने निघालेला संदेश पोहोचण्यास साडेबावीस तास लागत, आणि उत्तर येण्यास पुन्हा तितकेच. कॅलिफोर्नियातील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी अनेक दशकांपूर्वीचे कागद धुंडाळून दोष शोधला. संगणकाच्या स्मृतीतील एक चिप निकामी झाली होती आणि तिच्यातील आज्ञावली सलग मावेल एवढी जागा अन्यत्र नव्हती. एका गोदामाचे छप्पर कोसळल्यावर त्यातील माल इतर गोदामांच्या कोपऱ्यांत विभागून ठेवावा, तशी ती तुकड्यातुकड्यांनी हलवण्यात आली. २० एप्रिल २०२४ रोजी यानाच्या प्रकृतीची वार्ता पुन्हा नीट वाचता आली.

यानाची वीज दरवर्षी सुमारे ४ वॅटने घटते. एक दिवस ते मौन धारण करणारच. परंतु ते जुने कागद कोणी रद्दीत घातले असते, तर ते मौन कदाचित तेव्हाच आले असते. पिढ्यान्‌पिढ्या वह्या जपणाऱ्या घरांना त्या कागदांचे मोल निराळे सांगायला नको.