माल बाजारीं पोंचविण्याचा खरा खर्च

शेतकऱ्याच्या वहींत बियाणें, खतें, औषधें व मजुरी यांचे आंकडे बहुधा नीट मांडलेले सांपडतात. वाहतुकीचा खर्च मात्र 'गाडीभाडें' या एका शब्दांत आटोपलेला असतो. तहसील कचेरींतील दप्तरांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. तेथें एक गोष्ट आम्ही शिकलों, ती ही कीं, जी रक्कम एका ओळींत आटोपते तिच्या पोटांत चार रकमा दडलेल्या असतात.

हें ज्ञान आम्हांस दुसऱ्यांच्या कागदांवर होतें, स्वतःच्या मालावर नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं टोमॅटोचीं साठ कॅरेट आम्ही वाशीकडे पाठविलीं. एका गाडीवाल्याचा दर इतरांहून कॅरेटामागें पांच रुपयांनीं कमी होता, म्हणून माल त्याच्या स्वाधीन केला. गाडी संध्याकाळीं निघावयाची, ती आणखी दोन गांवांचा माल भरून घेत रात्रीं उशिरां निघाली व बाजार उलगडल्यावर पोंचली. माल एक दिवस उन्हांत राहिला आणि कॅरेटामागें सत्तर रुपये कमी भावानें गेला. भाड्यांत ३०० रुपये वांचले, भावांत ४,२०० रुपये गेले. निघण्याची वेळ आम्ही त्याच्याकडून लिहून घेतली नव्हती, हा दोष आमचाच.

ओझर हें मुंबई-आग्रा रस्त्यावरचें गांव. नाशिक सुमारें वीस किलोमीटरांवर, पिंपळगांव बसवंतचा बाजार त्याहून जवळ, खेरवाडी व कसबे सुकेणें हीं रेल्वेस्थानकें हाताशीं, आणि विमानतळ तर शिवेलाच. इतक्या वाटा असलेल्या गांवीं निवड चुकण्याचा संभवही तितकाच मोठा.

आतां एक हिशेब मांडून पाहूं. खालील दर आम्ही केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनीं त्या जागीं आपल्या हंगामाचे आंकडे घालावेत. वीस किलोचीं ७५ कॅरेट, म्हणजे पंधराशें किलो माल, एका पिकअपमध्यें भरला. रिकाम्या कॅरेटांचें वजन यांत धरलेलें नाहीं, गाडीला मात्र तें वाहावेंच लागतें. पिंपळगांवास भाव कॅरेटाला ३०० रुपये, भाडें ९०० आणि हमाली कॅरेटाला ५ रुपये धरली, तर २२,५०० मधून १,२७५ वजा जाऊन २१,२२५ रुपये हातीं येतात. वाशीस भाव ४२० रुपये. कागदावर पाहतां कॅरेटामागें १२० रुपये, म्हणजे एकंदर ९,००० रुपये अधिक. पण घाटांतील धक्क्यांनीं तीन कॅरेट माल फुटला, असें धरूं. विक्रीस ७२ राहिलीं, त्यांचे ३०,२४० रुपये झाले. त्यांतून टोलासह भाडें ७,५००, हमाली व वाराई ७५०, आणि बरोबर गेलेल्या गड्याची मजुरी व जेवणखाण ७०० वजा करावें. शिल्लक २१,२९०. नऊ हजारांच्या फायद्याचे पासष्ट रुपये उरले, आणि एका रात्रीचें जागरण निराळें!

यावरून वाशीला जाऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. भावांतील फरक १२० ऐवजीं २०० असेल तर त्याच खेपेंत पांच हजारांहून अधिक रुपये वाढतात. दोन बाजारांतील फरक किती झाला म्हणजे लांबची खेप परवडते, हा आंकडा ज्यानें त्यानें आपल्या मालापुरता आधींच काढून ठेवावा. मग सकाळीं भाव कळतांच निर्णय होतो, पारावर वाद घालावा लागत नाहीं.

'घरची गाडी आहे, भाडें कसलें?' हा प्रश्न आमच्याकडे फार ऐकूं येतो. दहा लाखांची गाडी धरा. नऊ टक्क्यांनीं व्याज ९०,०००, वर्षाचा घसारा ८०,०००, विमा, कर व पासिंग मिळून ४०,०००. एकूण २,१०,००० रुपये. वर्षांतून दोनशें दिवस चालली तर दिवसाला १,०५० पडतात, शंभरच दिवस चालली तर २,१००. डिझेल, टायर व चालक यांचा खर्च याच्यावर. ज्याच्या बागेचा हंगाम तीन महिन्यांत उरकतो आणि ज्याला परतीचा माल मिळत नाहीं, त्यानें गाडी घेण्यापूर्वीं हा भागाकार स्वतः करावा. गाडी विकणारा तो करून दाखविणार नाहीं.

रेल्वेचें गणित निराळें आहे. शेतांतून स्थानकापर्यंत, स्थानकावर डब्यांत, पुन्हां उतरवून बाजारापर्यंत, अशी तीनदां उचलठेव होते. वाशीसारख्या जवळच्या बाजारास तो खर्च परवडत नाहीं. हजार-दीड हजार किलोमीटरांवर तो पसरून हलका होतो. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापुराकडे पहिली किसान रेल्वे निघाली. तिला १,५१९ किलोमीटर तोडण्यास सुमारें ३२ तास लागावयाचे. फळें व भाजीपाला यांच्या भाड्यांत पुढें निम्मी सवलतही मिळाली. सवलतीच्या काळांत जो दर पडतो तोच कायमचा समजून कोणीं लागवड वाढवूं नये.

द्राक्षें परदेशीं जातात तीं मुख्यतः जहाजानें. तेथें तर अंतरच बदलूं शकतें. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि पुढील हंगामांत युरोपास जाणारीं अनेक जहाजें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून गेलीं. दिवस वाढले, भाडें चढलें. बागाईतदारानें निर्यातदाराशीं सौदा करतांना वाढीव भाड्याचा बोजा कोणाकडे, हें शब्दांत लिहून घ्यावें.

भार किती घालावा याविषयींही मोह आवरावा. मोटार वाहन कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीनें मर्यादेबाहेरील भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठेवला आहे. एका दंडांत सबंध हंगामाची बचत जाते.

राहिली कागदाची गोष्ट. वाहतूकदाराची बिल्टी घेतांना नगांची संख्या, वजन, मालाची किंमत व पोंचविण्याची वेळ हीं चारही लिहिलीं आहेत कीं नाहींत, हें गाडी हालण्यापूर्वीं पाहावें. रस्तावाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणें मालाच्या नुकसानीबद्दल दावा लावण्यापूर्वीं लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत. मालाची जास्त किंमत जाहीर करून जोखमीचा वाढीव दर भरला नसेल, तर भरपाईस मर्यादा पडते. बिल्टीची एक प्रत गड्याच्या खिशांत आणि एक घरीं, बाजाराच्या पट्टीबरोबर एकाच दोऱ्यांत ओवून ठेवावी.