रंग कुणाला शोभतो?

नवरात्राच्या नऊ रंगांची यादी व्हॉट्सॲपवर फिरू लागली, की दोहातल्या आम्हा मराठी बायकांना आधी कॅलेंडर बघावं लागतं. रंग ठरतात वारांवर. रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, असं करत शुक्रवारी हिरवा आणि शनिवारी करडा. कतारमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी, आणि रविवार हा कामाचा पहिला दिवस. म्हणजे करडा सुट्टीत घरात निघून जातो आणि सगळ्यात भडक केशरी थेट ऑफिसात घालून जायचा!

गंमत अशी, की त्या दिवसांत केशरी घालायला कुणालाच संकोच वाटत नाही. सगळ्याच घालतात, फोटो काढतात. दसरा झाला की तो कुर्ता कपाटात तळाशी जातो आणि पुन्हा आपले ठरलेले नेव्ही ब्लू, बिस्किटी, काळा. या नऊ रंगांची प्रथा काही फार जुनी नाही, वृत्तपत्रांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती रुजवली. तरी तिने एक गोष्ट सिद्ध केली. सोबत असेल तर बाई कुठलाही रंग घालते. एकटीवर आलं की मात्र मनात तीन वाक्यं सुरू होतात. "सावळ्या रंगाला हे उठत नाही." "आता वय का आहे आपलं?" "ऑफिसात बरं दिसेल का?"

दोहात नवी आलेली मुलगी त्यात चौथं वाक्य घालते. "इथे चालतं का असं?" तिचीही चूक नाही. रस्त्यावर बघावं तर पुरुषांचे पांढरे थोब, बायकांचे काळे अबाया, आणि बाकी इमारतींपासून जमिनीपर्यंत सगळं वाळूच्या रंगाचं. पण इथली अपेक्षा एवढीच, की सार्वजनिक ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. परदेशी बाईने अबाया घालावा असा आग्रह नाही, आणि रंगाबद्दल तर काहीच म्हणणं नाही. आपला गुडघ्याखाली जाणारा सुती कुर्ता आणि सलवार यात अगदी चपखल बसतात.

आणि कतारी बायकांना रंगाचं वावडं आहे असंही नाही. लग्नसमारंभात बायकाबायकांत असताना त्या थोब अल-नशल घालतात. तलम, घोळदार, आणि त्यावर सोनेरी भरतकाम. रमजानच्या मध्यावर गरंगाओची रात्र येते, तेव्हा लहान मुली झगमगीत रंगीत झगे घालून खाऊ गोळा करत हिंडतात. त्याच्याही पलीकडे जायचं तर अल खोरजवळचं छोटं बेट आहे, ज्याला सगळे पर्पल आयलंड म्हणतात. आज लोक तिथे खारफुटी बघायला जातात. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे समुद्री गोगलगायींपासून जांभळट-लाल रंग काढत असत. उत्खननात फोडलेल्या शिंपल्यांचे ढीगच्या ढीग सापडले आहेत. ज्या देशाचा झेंडा आज गडद मरून आहे, त्या देशाला रंग नवा कसा असेल?

"सावळ्याला उठत नाही" हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून काढलं ते एका सुदानी सहकारिणीने. सुदानी बायका तोब नेसतात. नाव कतारी पुरुषांच्या थोबासारखंच, पण हे साधारण साडेचार मीटरचं कापड, साडीसारखं अंगाभोवती घेऊन डोक्यावरून आणायचं. ती माझ्यापेक्षा कितीतरी काळी, आणि एका रविवारी पिकल्या आंब्यासारखा पिवळा तोब नेसून आली. इतकी सुंदर दिसत होती! मी म्हटलं, आमच्याकडे सावळ्या मुलीला दुकानदारसुद्धा हा रंग दाखवत नाही. तिला कळेचना. "पण हा तर आपलाच रंग आहे. गोऱ्यांवर तो दिसतच नाही," ती म्हणाली.

त्यानंतर मी रोजच्या कपड्यांत रंग आणायला लागले. एकदम नाही. आधी साध्या करड्या सलवारीवर डाळिंबी कुर्ता. मग मोरपिशी ओढणी. कळलेल्या दोन-चार गोष्टी सांगते. एका वेळी एकच रंग बोलू द्यावा, बाकीचे शांत ठेवावेत. कापड दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नये. सूक वाकिफमध्ये कापड घेताना मी ते दारापाशी नेऊन उजेडात चेहऱ्याजवळ धरते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा भडक सिंथेटिकपेक्षा गडद रंगाचं सुती कापड बरं. पण ते पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळं धुवायचं आणि उलटं करून सावलीत वाळवायचं. इथलं ऊन बाल्कनीत एका उन्हाळ्यात रंग खाऊन टाकतं. आणि आपल्या भाषेत रंगांना किती नावं आहेत ते आठवावं. आमसुली, अंजिरी, चिंतामणी, अबोली, वांगी. नुसतं 'पर्पल' म्हणून अडून बसलं तर निवड कशी होणार?

हे झालं माझं. पण रंगाची खरी अडचण काय असते ते आई इथे आली तेव्हा समजलं. माझं माहेर इचलकरंजी. बाबा यंत्रमागावर होते, आयुष्यभर कोरं कापड विणलं त्यांनी. रंगाई दुसरीकडे व्हायची. ते गेल्यावर तीन वर्षांनी आई हिवाळ्यात दोहाला आली. बॅगेत सगळ्या साड्या फिकट. तिला कुणी काही बोललं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं होतं. तळाशी एक डाळिंबी इरकल होती, ती माझ्यासाठी. "आता मला कशाला गं असला रंग? तू नेस."

एका शुक्रवारी सुदानी सहकारीण घरी जेवायला आली. आई तिच्या तोबाकडे बघतच राहिली, पदर कसा घेतला ते विचारू लागली. मी मध्ये दुभाषी. बोलता बोलता निघालं, की तिचेही वडील गेलेत. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस इद्दत पाळतात, त्या काळात तिची आई पांढरा तोब नेसत होती. आईने विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय खाला, पुन्हा रंगीत." आई काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना एवढंच म्हणाली, "त्यांच्यात निदान दिवस मोजलेले आहेत."

इचलकरंजीहून फार लांब नाही, त्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नको, बांगड्या फोडणं नको, मंगळसूत्र तोडणं नको. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. आईला हे ठाऊक होतं, तिने पेपरात वाचलं होतं. पण ठराव गावाचा होतो. सकाळी कपाटासमोर बाई एकटीच उभी असते.

संक्रांतीला आमच्या इमारतीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. सगळ्या जणी काळ्या साड्यांत. मी आईला काही सुचवलं नाही. ती आतून आली ती डाळिंबी इरकल नेसून. शेजारच्या काकूंनी तिला इतरांसारखंच हळदीकुंकू लावलं, वाण दिलं, आणि इरकल कुठल्या दुकानातली ते विचारलं. पुढचा अर्धा तास आई इरकल कशी ओळखायची ते सगळ्यांना सांगत होती.

ती इरकल काही मला मिळाली नाही, आईबरोबर परत गेली. आता ती नेसून ती बँकेत जाते, भाजीला जाते. एक-दोघी बघतात म्हणे, बघू देत. दिवाळीला मी घरी जाणार आहे. सूक वाकिफमधून काय आणू विचारलं तर म्हणाली, "ब्लाऊजपीस आण. आणि फिकं आणू नकोस."